पाव

प्रसूतिगृहाच्या गच्चीवरून, सोलरच्या टाकीतून उतरणारी तांब्याची नळी
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कळकली होती.
वेंगुर्ल्याचा वारा. खारं तोंड लावतो सगळ्याला,
खिळ्याला, कुलपाला, सायकलच्या घंटीला.
हिरवं पुसलं, तर खाली सुईएवढं भोक
आणि त्यातून चार श्वासांनी एक थेंब.

वरचा कॉक बंद केला. तळाचा नळ उघडला.
बादल्या भरल्या, लवूने वाहून नेल्या,
फरशी पुसायला आवाठकर सिस्टरनी ठेवून घेतल्या.
मग नळी कापली, तोंड लावून फुंकलं,
पलीकडे जरा गुरगुर, थोडं पाणी माझ्याच शर्टावर.
वाटलं, संपलं.

नवा एल्बो पॉलिश पेपरने घासला, फ्लक्स चोपडला,
बत्ती पेटवली.
तांबं आधी गुलाबी, मग जांभळट,
आणि मग आतून सूंऽऽ
आधण यायच्या आधी भांडं बोलतं तसं.
कथलाची तार टेकवली. वितळेना.
वितळली तेव्हा गोळा होऊन
माझ्या चपलेवर टपकली.

"मिस्त्री, पाणी आसा आत," लवू म्हणाला.
जसं काही मला दिसत नव्हतं.

वरचा कॉक जुना. कितीही आवळा, पूर्ण मिटत नव्हता,
डोळे अर्धे उघडे ठेवून झोपणाऱ्या माणसासारखा.
केसाएवढी धार. तेवढी पुरते.
आत पाणी आहे तोवर तांबं तापत नाही, जाळा किती जाळायचं ते.
गॅस संपतो. पाणी नाही.

माझे वडील कल्हईवाले.
घंगाळात उभे राहून, वाळू टाकून
पायांनी गरागरा फिरायचे,
मग निखारे, भाता, नवसागराची चिमूट, पांढरा धूर,
कापसाच्या बोळ्याचा एकच फटकारा.
एकदा मी ओलं पातेलं पुढे केलं.
मारलं नाही.
"कथलाक पाण्याचो वाससुद्धा चलना नाय,
जा, उन्हात ठेव," म्हणाले,
आणि भाता सोडून बिडी ओढत बसले.
निखारे फुकट गेले.

मला बिडीपुरताही वेळ नव्हता. तीन नंबरच्या खाटेवर
रात्रीची बाळंतीण,
तिची आई दर पाच मिनिटांनी जिन्यात यायची,
माझ्याकडे न बघता नळीकडे बघायची.

"लवू, पास्कूच्या बेकरीतून एक पाव आण."
"भूक लागली?"
"आण तू."

आला तो कड कुरतडतच.
मी मऊ गाभा काढून घेतला, कवच त्यालाच दिलं,
गोळा करून नळीत सारला,
बोटाने, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने.
थेंब थांबले. पाव पाणी पीत बसला.
तो पिईल तेवढा वेळ माझा.

पुन्हा बत्ती. सूं नाही.
फ्लक्स उकळून निवळला,
तार टेकताच कथील धावलं,
फटीत आपणहून शिरलं, खालून वर चढलं,
आणि सांध्याभोवती चकचकीत कडं.
याला आम्ही झाळ म्हणतो.
आगीलाही झाळच म्हणतो.
ओलं फडकं लावलं नाही. आपोआप निवू दिलं.

पाणी सोडलं. खालच्या न्हाणीतला नळ
आधी खोकला, मग थुंकला, मग पांढरा लगदा.
आवाठकर सिस्टर किंचाळल्या, "ह्यां काय रे? भात?"
"पाव. जाऊ दे दोन बादल्या."
तिसरी स्वच्छ. वाफाळती.
बाळंतिणीच्या आईने कोपर बुडवून पाहिलं,
"पावलो गो देव," म्हणाली.
लवू फिसकन हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

बिलात लिहिलं: एल्बो एक, कथील, फ्लक्स, गॅस, मजुरी,
पाव एक, रुपये पाच.
हिशेबनीस बोडस यांनी शेवटची ओळ खोडली,
"नाश्त्याचे पैसे संस्था देत नाही."
समजावायला तोंड उघडलं, मग मिटलं.

जिन्यात नळी हळूहळू तापत होती.
लवूने कड्यावर बोट टेकवलं, झटकन काढलं,
तोंडात घातलं.
ओठाला अजून चुरा होता.